पंप मोठा टाकला तरी फुल बूस्टला गाडी लीन होतेय? दुसरा पंप घ्यायच्या आधी एवढं तपासा

टर्बो पेट्रोल गाडी, स्टेज टू रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा, म्हणजे ईसीयूचा, मॅप बदलून ताकद वाढवणं), त्यावर तासाला २५५ लिटरचा फ्युएल पंप, बऱ्याचदा इंजेक्टरपण मोठे. सुरुवातीला गाडी मस्त पळते, मालक खूश. मग एक दिवस घाटात तिसऱ्या गियरला पूर्ण दाबली की साडेचार हजारच्या पुढे झटके, वाइडबँड गेजचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर) आकडा वर चढायला लागतो, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ट्यूनर म्हणतो पंप कमी पडतोय अजून मोठा घाल, फिटर म्हणतो मॅपमध्येच गडबड आहे, आणि मालक दोघांच्या मध्ये पैसे मोजत बसतो. हा एकच फॉल्ट मी इतक्या गाड्यांत बघितलाय आणि काढलाय की आता कोणी नवीन पंपाचा फोटो पाठवून "हा घेऊ का" विचारलं की मी उलट विचारतो, सध्याच्या पंपाला चालू गाडीत व्होल्ट किती मिळतायत? बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं.

खालचं सगळं मुख्यतः फियाटच्या १.४ टी-जेटबद्दल आहे, म्हणजे लिनिया टी-जेट आणि पुंटो अबार्थ. पुण्याकडे या गाड्या अजून बऱ्याच दिसतात, बनायच्याच रांजणगावला. स्टॉक लिनिया ११४ पीएसची, अबार्थ १४५ची, आणि हौशी मंडळी १८०-२००च्या मागे लागलेली असतात. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न फवारणाऱ्या) दुसऱ्या टर्बो गाड्यांनाही बरंचसं लागू पडेल. पोलो, रॅपिडच्या टीएसआयवाल्यांनी मात्र आधी शेवटचा भाग वाचा, तुमचं प्रकरण वेगळं आहे.

लक्षणं

आयडलला आणि गावात गाडी एकदम नॉर्मल, तक्रार फक्त जोरात दाबल्यावर. फुल बूस्टला (टर्बोचा हवेचा दाब पूर्ण असताना) गेज आधी १२च्या आसपास, मग चार-साडेचार हजारच्या पुढे हळूहळू १३, साडेतेरा.

टाकी पावच्या खाली गेली की लांब वळणावर एकदम झटका, सरळ आल्यावर परत ठीक.

सकाळी थंड गाडीत काही नाही, दुपारी तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून हायवेला लागलं की त्रास सुरू. रात्री हेडलाइट, एसी, फॅन सगळं चालू असताना जास्त होतं का, हेही लक्षात ठेवा, त्यावरून बरंच कळतं.

गाडी थोडा वेळ उभी राहिली की स्टार्टर लांबच लांब फिरवावा लागतो.

चेक इंजिन लाइट आली असेल तर पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, किंवा पी०३०० म्हणजे मिसफायर. कधी कधी लाइट येतच नाही, त्यामुळे "लाइट नाही म्हणजे फॉल्ट नाही" असं समजू नका.

आणि फॉल्ट सापडेपर्यंत फुल थ्रॉटल बंद. बूस्टमध्ये लीन झालेली गाडी नॉक करते (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसतात), आणि नॉक झालं की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटायला वेळ लागत नाही. पोर्ट इंजेक्शन टर्बोला फुल लोडवर लॅम्डा (जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा) साधारण ०.८० ते ०.८५ असावा, पेट्रोलच्या गेजवर हे ११.८ ते १२.५ दिसतं. लोडमध्ये १३ कडे जाताना दिसलं की पाय उचला, "बघू कुठपर्यंत जातंय" हा प्रयोग इंजिनवर करायचा नाही. वाइडबँड गेजच नसेल तर पंपाच्या आधी तो घ्या.

फुकटातली तपासणी: टाकीत काय आहे

हसू नका. आधी टाकी अर्ध्याच्या वर भरा आणि बघा. झटका फक्त कमी पेट्रोलवर आणि वळणातच येत असेल तर पंपाच्या तोंडाशी पेट्रोलच राहत नाही आणि पंप हवा ओढतो. नवा पंप बसवताना स्टॉक मॉड्यूलचा वाडगा, म्हणजे ती प्लॅस्टिकची बादली ज्यात पंप बसतो, कापला किंवा काढून टाकला असेल तर हे होणारच. पंप कितीही मोठा घाला, वाडगा नीट झाल्याशिवाय हे जात नाही.

दुसरं इथेनॉल. मॅप जुन्या ई१० (दहा टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर झाला असेल आणि आता पेट्रोल पंपावर ई२० मिळतंय, तर हिशोब बदललाय. शुद्ध पेट्रोलला जळायला १ किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई१०चा आकडा १४.१च्या आसपास येतो आणि ई२०चा साडेतेराच्या आसपास. तेवढ्याच हवेला ई२० साधारण चार टक्के जास्त ओतावं लागतं. क्रूझिंगला ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून हे भरून काढतो, पण फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू ओपन लूपमध्ये जातात, म्हणजे सेन्सर न बघता मॅपवरच चालतात, तिथे ही तूट दिसते. चार टक्के ऐकायला काहीच नाही, पण आधीच काठावर असलेल्या सेटअपला तेवढं पुरतं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. गेज मुळात लॅम्डा मोजतं आणि तो १४.७ने गुणून दाखवतं, त्यामुळे ई२० भरलं तरी क्रूझिंगला १४.७च दिसणार आणि टार्गेटही तेच राहणार, डोक्यात वेगळा हिशोब करत बसू नका.

स्वस्तातला स्कॅनर आणि ट्रिम

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर बऱ्याच जणांकडे असतोच. त्यात लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय) बघा, दोन्हींची बेरीज करून. आधी आयडलला, मग हायवेला ८०-१००च्या स्थिर वेगात, मग हलक्या चढावर.

आयडलला ट्रिम प्लस बारा-पंधरा आणि आरपीएम वाढवला की खाली येतो, तर मोजणीत न आलेली हवा कुठूनतरी आत शिरतेय. व्हॅक्यूमचा पाइप, मॅनिफोल्डचा गॅस्केट, इंजेक्टरच्या बुडाचा ओ-रिंग बघा. मोठे इंजेक्टर बसवताना खालचा ओ-रिंग चिरला जाणं फार कॉमन, बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब लावायचा कोणाला सुचत नाही. उलट आयडलला ट्रिम शून्याजवळ आणि लोड वाढेल तसा प्लसमध्ये चढत जातो, तर पेट्रोल कमी पोचतंय. मग पुढे चला. या दोन तऱ्हा वेगळ्या करायच्या म्हणूनच हे आधी करायचं, नाहीतर पन्नास रुपयांच्या ओ-रिंगसाठी टाकी उघडली जाते.

मल्टिमीटर: इथेच बहुतेक गाड्या सापडतात

स्टॉक पंपाची वायर कंपनीने स्टॉक पंपापुरतीच दिलेली असते, चार-सहा अँपियर. २५५चा पंप त्याच्या जवळजवळ दुप्पट खेचतो, ४५०वाले तर त्याहून बरेच पुढे जातात. विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवायची आणि वायर मात्र घरातल्या बल्बची ओढायची, तसला प्रकार. मोटर फिरते, पाणीही येतं, पण जोर नसतो.

मोजायचं कसं: मागची सीट उचला, टाकीवरचं झाकण काढा, पंपाचा कनेक्टर दिसेल. गाडी आधी वीसेक मिनिटं चालवून गरम करून घ्या, कारण थंड कनेक्टर खोटं बोलतो. मग इंजिन आयडलवर, एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. कनेक्टर न काढता मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून प्लस आणि मायनसमधले व्होल्ट बघा, आणि लगेच बॅटरीवरचे बघा. बॅटरीवर १४.१ आणि पंपावर १३.५-१३.६ असेल तर वायरिंग सोडा. बॅटरीवर १४.१ आणि पंपावर १२ किंवा त्याखाली असेल तर फॉल्ट सापडला. पंपाच्या डब्यावरचे लिटर १३.५ व्होल्टवर मोजलेले असतात, १२ला ते पंधरा-वीस टक्के सहज पडतात आणि प्रेशर जास्त असेल तर आणखी.

टी-जेटसारख्या रिटर्नलेस (इंजिनपासून टाकीकडे परतीचा पाइप नसलेल्या) गाडीत पंप आयडललाही तेवढ्याच प्रेशरवर आणि जवळजवळ तेवढ्याच करंटवर चालतो, त्यामुळे ही टेस्ट पार्किंगमध्ये उभ्या गाडीत होते. यासाठी एक्सप्रेसवेवर जायची गरज नाही.

कुठे गळतंय ते वेगळं करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी पंपाच्या मायनस पिनला, ०.२-०.३ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग खराब. मग प्लस ते प्लस तसंच. माझ्या बघण्यात निम्म्याहून जास्त वेळा अर्थिंगच निघतं, कारण रिले किट बसवणारा प्लसची जाड वायर थेट बॅटरीपासून आणतो आणि मायनस तसाच जुन्या बारीक वायरवर सोडून देतो. कनेक्टर डोळ्यांनीही बघा. प्लॅस्टिक पिनेपाशी तपकिरी पडलेलं, जरा वितळून पिन तिरकी झालेली, हात लावला तर चटका, असं असेल तर मीटरचीही गरज नाही.

उपाय साधा. बॅटरीपासून ४ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, चार पिनचा चांगल्या कंपनीचा रिले. ३०ला बॅटरी, ८७ला पंप, ८५ अर्थ, आणि ८६ला पंपाची जुनी प्लस वायर, ती आता फक्त सिग्नल देणार. बॉडीवर अर्थ घेताना बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. रिलेचा सिग्नल इग्निशनवरून घेणारे महाभाग आहेत, त्यांना आपल्या गाडीला हात लावू देऊ नका. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो, फियाटमध्ये वर इनर्शिया स्विचपण असतो, ते सगळं बायपास होतं आणि फुटलेल्या पाइपातून पेट्रोल येतच राहतं.

प्रेशर गेज

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे: पंप प्रेशर ठरवत नाही, तो पेट्रोल पुरवतो. प्रेशर रेग्युलेटर ठरवतो. २०० एचपीच्या टर्बो इंजिनला किती लागतं ते बघा. एचपीला तासाला ०.६ पाउंड धरा, १२० पाउंड, म्हणजे साधारण ५४ किलो, म्हणजे तासाला ७३ लिटर. २५५चा पंप प्रेशर आणि व्होल्टचा फटका बसूनही याच्या खूप वर आहे. मग एवढा पंप असून "कमी पडतोय" हे गणितातच बसत नाही, पेट्रोल वाटेत कुठेतरी अडतंय किंवा परत टाकीतच गळतंय.

टी-जेटमध्ये रेग्युलेटर टाकीतच असतो आणि प्रेशर साडेतीन बारच्या आसपास कायम. बूस्ट वाढला तरी ते वाढत नाही. १.२ बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक राहिला २.३ बार, आणि फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्याच इंजेक्टरमधून सुमारे १९ टक्के कमी पेट्रोल येतं. चांगला ट्यूनर हे मॅपमध्ये धरतो. ज्यांनी रिटर्न लाइन ओढून बाहेर रेग्युलेटर बसवलाय त्यांचं वेगळं: तिथे मॅनिफोल्डचा पाइप रेग्युलेटरला जोडलेला असतो, ३ बार बेस असेल तर १ बार बूस्टला ४ झालं पाहिजे. तो छोटा पाइप फुटला, निसटला किंवा ब्लो ऑफ व्हॉल्वच्या पाइपात टी मारून घेतला असेल तर प्रेशर बूस्टच्या मागे जात नाही आणि गाडी बरोबर बूस्टमध्येच लीन होते. पाइप हाताने चाचपून बघायला दोन मिनिटं लागतात.

गेज किट हजार-दोन हजारात येतं. काही रेलवर टेस्ट व्हॉल्व असतो, नसेल तर टी लावावा लागतो. लावायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, लाइनमधलं प्रेशर उतरतं. पेट्रोलचा पाइप असलेलं गेज केबिनमध्ये आणायचं नाही, बाहेरून काचेवर चिकटवा, आणि लोडची टेस्ट शक्यतो डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवायचं मशीन).

वाचायचं असं. आरपीएमबरोबर प्रेशर हळूहळू खाली येतंय तर पुरवठा कमी: व्होल्ट, जाळी, फिल्टर, टाकीतला पाइप. प्रेशर स्थिर आणि तरी लीन तर इंजेक्टर किंवा मॅप, टाकी उघडू नका. गाडी बंद केल्यावर प्रेशर काही सेकंदांत शून्य, तर पंपाचा चेक व्हॉल्व किंवा टाकीतला पाइप, आणि लांब स्टार्टरचं कारण बहुधा हेच. आयडललाच प्रेशर ठरल्यापेक्षा वर आणि गाडी रिच (पेट्रोल जास्त), तर मोठ्या पंपाचं उरलेलं पेट्रोल स्टॉक रेग्युलेटरला सोडवत नाहीये. नको तेवढा मोठा पंप घातला की हे होतं, शिवाय तेच पेट्रोल टाकीत फिरून फिरून तापतं. मे महिन्यात दुपारच्या ट्रॅफिकनंतरचे झटके पाव टाकीवर जास्त का येतात ते आता कळलं असेल.

टाकी उघडणं

इथून पुढे हात शिवशिवत असले तरी जपून. टाकी पावच्या खाली, गाडी मोकळ्या हवेत, बॅटरीचा मायनस काढलेला, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर. बंद गॅरेजमध्ये, देवघरात दिवा लागलेल्या घराच्या पार्किंगमध्ये, नाही.

सगळ्यात आधी पंपापासून झाकणापर्यंतचा तो बोटभर पाइप बघा. स्टॉकमध्ये तिथे नळकांड्यासारखा प्लॅस्टिक पाइप असतो, मोठा पंप बसवताना तो काढून दुकानातून आणलेला साधा रबरी फ्युएल पाइप लावतात. साधा पाइप आतून पेट्रोल वाहायला बनलेला असतो, बाहेरून पेट्रोलात बुडून राहायला नाही. काही महिन्यांत तो फुगतो, मऊ पडतो, नखाने दाबलं की खळगा राहतो, आणि मग क्लॅम्पपाशी बारीक चीर. आयडलला तेवढं गळून भागतं, फुल लोडला नाही, आणि गळतं टाकीतच, म्हणून ना वास ना डाग. वर्कशॉपवाले म्हणूनच पंपाला दोष देऊन मोकळे होतात. पाइपवर एसएई ३०आर१० छापलेलं पाहिजे, तोच बुडीत चालणारा. ३०आर७ असेल तर कितीही नवा दिसला तरी काढा. महाग आहे, पण लागतो वीतभर. क्लॅम्प दातेरी पट्टीचा नको, तो पाइप कापतो, फ्युएल इंजेक्शनचा गोल कडेचा घ्या.

मग जाळी. नवीन असताना पांढरी, आता तपकिरी-काळी असेल तर बदला. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवतं, म्हणून दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत ई२०वर जाळी लवकर भरते. जाळी तळाला घडी पडून चेपली नाहीये ना तेही बघा, पंप लांबीला जास्त असला की हे होतं. झाकणाचा रबर सील एकदा बाहेर आला की पेट्रोलाने फुगलेला असतो, परत नीट बसत नाही, दर वेळी नवा.

इंजेक्टर

एवढं सगळं ठीक आणि प्रेशरही स्थिर, तर लॉगमध्ये इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा असतो, ते बघा. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर इंजेक्टर खरंच लहान आहेत. वरच्याच हिशोबाने २०० एचपीला चार इंजेक्टर, ८५ टक्के ड्यूटी, प्रत्येकी मिनिटाला ३६० सीसी लागतात, ई२० धरून ४००च्या जरा वरचे घ्या. हे बॉक्सवरच्या प्रेशरचे आकडे, रिटर्नलेसमध्ये बूस्टची वरची तूट वेगळी धरा. मोठे आधीच असतील आणि आयडलला ट्रिम वेडेवाकडे असतील तर डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा वेळ) चुकीचा भरलाय, तो व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि त्याचं टेबल इंजेक्टरसोबत मिळालं पाहिजे. टेबल न देणाऱ्याकडून इंजेक्टर घेऊ नका, नकली माल बाजारात चिक्कार आहे. बेंचवर चारही इंजेक्टरचा फ्लो मोजून आणि अल्ट्रासॉनिक क्लीन करून मिळतो, नवीन घ्यायच्या आधी ते करा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

केबिनमध्ये पेट्रोलचा वास किंवा सीटखाली ओल: गाडी चालवत नेऊ नका, टो करा. लोडमध्ये खडखड नॉक ऐकू येतोय, किंवा लीन पळवल्यावर ऑइल खाणं वाढलंय: आधी कम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट, फ्युएल नंतर. टाकीच्या झाकणाला भोक पाडून नवी वायर आत न्यायची असेल तर ते काम घरचं नाही, त्याला पेट्रोलात चालणारा सीलबंद कनेक्टर आणि पेट्रोलात न विरघळणारं इन्सुलेशन लागतं. मॅप बदलणं तर ट्यूनरचंच काम.

टीएसआयवाले: तुमच्या टाकीतल्या पंपापुढे इंजिनवर दुसरा हाय प्रेशर पंप आहे, तिथे शंभर-दोनशे बार आणि वर असतं. एवढ्या प्रेशरची बारीक धार कातडी फोडून आत जाते आणि ते सर्जनचं काम होतं. वरचं व्होल्टेजचं आणि जाळीचं तपासा, रेल प्रेशर स्कॅनरवर टार्गेटच्या बाजूला ठेवून बघा, पी००८७ (रेल प्रेशर कमी) आला असेल तर लॉग सेव्ह करा. पाना लावायचा नाही.

आणि हो, असल्या बदलांना मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सचा सर्व्हेअर सीटखालचा रिले बघून प्रश्न विचारू शकतो, हे धरून चाला.

वर्कशॉपला जाताना चार आकडे कागदावर घेऊन जा: गरम गाडीत बॅटरीचे आणि पंपाचे व्होल्ट, आयडलचा आणि लोडचा ट्रिम, किती आरपीएमला गेज चढतं, आणि तेव्हा टाकी किती होती. ते न बघताच "पंप बदलू" म्हणणारा भेटला तर दुसरं वर्कशॉप शोधा.